तेरा थेंबांची चूक

थेंबमास्तर म्हणून सगळं विद्यापीठ ज्यांना ओळखत होतं, ते मास्तर नव्हतेच. रसायनशास्त्राच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला जी लांबट खोली आहे, त्या प्रयोगशाळेचे ते सहायक. सकाळी कुलूप काढायचं, द्रावणं करायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, संध्याकाळी गॅसचा एकेक नळ हाताने चाचपायचा आणि पुन्हा कुलूप लावायचं. माणूस उंचीने बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. हात मात्र असा, की परीक्षानळीवर ड्रॉपर धरला तर भिंतीवरची पाल हलेल, हा हात हलणार नाही. थेंब पडताना ते ओठातल्या ओठात मोजत. पोरांनी ते पाहिलं आणि नाव पाडलं. प्राध्यापक मंडळी ते नाव चेष्टेने घ्यायची. मास्तरांनी मात्र ते पदवीसारखं अंगाला लावून घेतलं होतं. अकरावी नापास माणसाला मास्तर म्हणणारं जग अगदीच वाईट नसावं, असं त्यांचं मत होतं.

एकोणिसाव्या वर्षी ते या खोलीत बाटल्या धुवायला आले. तेव्हा खोलीत चोवीस ब्युरेट होत्या. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी लांब नळी, खाली तोटी. तिच्यातून द्रावण सोडायचं आणि किती गेलं ते खुणेवर वाचायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हाती ती देणं म्हणजे वासरापुढे आरसा धरणं, फुटणारच. तीन वर्षांत चोवीसच्या पाच राहिल्या आणि नव्या मागवायला वरून नकार आला. त्या वेळचे म्हातारे प्राध्यापक म्हणाले, थेंब मोजून करू. एवढंच म्हणाले आणि चहाला गेले. उरलेलं काम या पोराने केलं. काचेच्या नळ्या बर्नरवर धरून, लाल झाल्या की हलकेच ताणून त्याने ड्रॉपर ओढले. बारीक टोकाचे ड्रॉपर पोरं मोडतात म्हणून टोक मुद्दाम जाड ठेवलं. जाड टोकातून थेंबही गलेलठ्ठ पडे, तट्टकन. पहिलं प्रात्यक्षिक त्या ड्रॉपरवर बसवलं. एक मिलिलिटर आम्ल नळीत घ्या, रंग दाखवणाऱ्या दर्शकाचा एक टिपका टाका, मग बरोबरीच्या ताकदीची अल्कली थेंबाथेंबाने सोडा. तेराव्या थेंबाला नळी गुलाबी होते. बाराव्याला होत नाही. पोरं तोंडाचा आ करून बघत राहायची.

अशी बत्तीस प्रात्यक्षिकं झाली आणि प्रत्येकाचा एक जाड कागद झाला. टेबलाटेबलाशी भिंतीला खिळा, खिळ्याला कागद. त्या खोलीची रीत अशी होती, की ज्याला कागदात चूक सापडेल किंवा बरी युक्ती सुचेल, त्याने ती समासात शिसपेन्सिलीने लिहावी. मग सुट्टीत इमारत रिकामी झाली की मास्तर एकटे बसून एकेक पेन्सिल-ओळ करून बघत. खोटी निघाली तर खोडत, खरी निघाली तर तिच्यावरून शाई फिरवत. कागदाचा लिहिणारा असा कुणी एक नव्हताच. चौतीस वर्षांतली पोरंच त्याची लिहिणारी, आणि वर राखण मास्तरांची.

लहान गावांतल्या कॉलेजांचे शिक्षक ते कागद उतरवून घ्यायला येत. पुढे फोन आल्यावर फोटो काढायला येत. कुणाला नाही म्हणणं नाही की कुणाकडून काही घेणं नाही. उलट जाताना मास्तर रद्दी कागदात गुंडाळून दहाबारा ड्रॉपर त्यांच्या पिशवीत सरकवत. म्हणत, ‘दिलेलं माप आणि दिलेली मुलगी जोडीने जाऊ द्यावी, एकटी गेली की बावरते.’ ऐकणारे हसत आणि ड्रॉपर घेऊन जात. त्या बोलण्यात केवढं शहाणपण होतं हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना विद्यापीठात नवा नियम आला. प्रात्यक्षिकाचे वीस गुण संगणकावरच्या चाचणीतून द्यायचे. नियम करणाऱ्यांनी नियम केला, चाचणी कोण करणार हे काही सांगितलं नाही. तेवढ्यात एका प्रकाशन कंपनीचा माणूस तयार चाचण्या घेऊन दारात उभा राहिला. पोरांनी कंपनीचं पुस्तक घ्यायचं, पुस्तकाच्या आतल्या पानावर खरवडून काढायचा एक क्रमांक, तो क्रमांक टाकला की चाचणी उघडणार. क्रमांक एकदाच चालणार, त्यामुळे थोरल्या भावाचं पुस्तक धाकट्याला उपयोगाचं नाही. विभागाला काही काम उरत नव्हतं, आणि ज्या विभागात सात जागांवर तीन माणसं काम करतात, तिथे काम न उरणं ही फार गोड गोष्ट असते.

हा पुस्तकवाला माणूस म्हणून वाईट नव्हता. एरवी असले लोक विभागप्रमुखांच्या खोलीतच बसून परस्पर जातात. हा खाली आला, बाह्या सरसावून त्याने स्वतः तीन प्रात्यक्षिकं केली, भिंतीवरचे कागद उभ्याने वाचून काढले आणि मास्तरांना म्हणाला, की कंपनीचं जुनं पुस्तक या कागदांपुढे पाणी कम चाय आहे. नवं पुस्तक आम्ही याच कागदांवरून करू.

‘मास्तर, तुम्ही आहात तोवर हे कागद भिंतीवर आहेत. तुमच्या मागे कोण राखणार? पुस्तकात राहतील. वर तुमचं नाव येईल.’

नाव. मतदारयादी सोडली तर मास्तरांचं नाव आजवर कुठे छापून आलं नव्हतं, आणि तिथेही आडनाव शेजाऱ्याचं पडलं होतं. विभागाच्या वार्षिक अहवालात प्राध्यापकांच्या नावांखाली ‘व इतर कर्मचारी’ अशी एक ओळ असे. त्या ‘व इतर’मध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं. ते त्या दिवशी पुस्तकवाल्याला होय किंवा नाही म्हणाले नाहीत. पण घरी जाताना त्यांनी दोनदा चुकीचं वळण घेतलं.

सही झाली. पाच पानांच्या करारावर प्रत्येक पानाखाली. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका, सगळी हयात औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचण्यात गेलेली. तिने विचारलं, वाचून केलीत ना सही? मास्तर म्हणाले, पहिलं पान वाचलं. ती म्हणाली, आमच्याकडे पेशंटसुद्धा ऑपरेशनच्या कागदाचं निदान शेवटचं पान वाचतो. मास्तर उठून हातपाय धुवायला गेले. नवरा बोलला नाही की बायको समजायचं ते समजते.

पुस्तक आलं तेव्हा ते सुरेख होतं यात वाद नाही. गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं, सोबत हवा त्यांना साहित्याचा एक खोका. मुखपृष्ठावर तळाशी मास्तरांचं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट. बायकोने ते कपाटात न ठेवता आल्यागेल्याला दिसेल असं दूरदर्शनशेजारी उभं केलं, आणि मास्तर रोज त्याच्यावरची धूळ पुसत, धूळ असो वा नसो. एकदा तिने त्यांना मुखपृष्ठावरून बोट फिरवताना पकडलं. म्हणाली, ‘पुसलं जाईल हो, हळू.’

करारात लिहिलं होतं म्हणून खोलीतले कागद खिळ्यांवरून उतरले. विभागप्रमुख बाई पूर्वी याच खोलीत विद्यार्थिनी होत्या, त्यांनी ते एका खोक्यात घालून आपल्या खोलीत ठेवले. रिकामे खिळे काही दिवस डोळ्यांत खुपले, मग सवय झाली. एकच गोष्ट मास्तरांनी बदलू दिली नाही. कंपनीच्या साहित्याचा खोका त्यांनी न उघडता कपाटावर टाकला आणि पोरांच्या हातात आपलेच काचेचे ड्रॉपर ठेवले. पुस्तक एक्केचाळीस कॉलेजांत लागलं.

मास्तरांची लेक अशाच एका कॉलेजात शिकवत होती, एसटीने सहा तासांवर. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. बापाचं नाव असलेलं पुस्तक शिकवायला मिळालं म्हणून पहिल्या दिवशी तिने ते वर्गात उंच धरून दाखवलं होतं. सत्र सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

आधी तिने आईची चौकशी केली, मग बापाच्या गुडघ्याची. मग म्हणाली, पहिलं प्रात्यक्षिक जमत नाहीये. तेराव्या थेंबाला काही होत नाही. रंग येतो तो एकोणीस नाहीतर वीस थेंबांवर.

मास्तर म्हणाले, तुमची अल्कली पातळ झाली असेल. झाकण उघडं ठेवता तुम्ही लोक.

ती म्हणाली, मी दोनदा नव्याने केली. तोलून.

मग आम्ल कडक असेल.

तेही तपासलं.

मास्तरांचा आवाज चढला. ते म्हणाले, चौतीस वर्षं या प्रात्यक्षिकात तेराच थेंब लागतात, ते काय तुझ्या कॉलेजात जाऊन वाढले? लेक बोलली तेव्हा तिचा स्वर अगदी हलका होता.

‘बाबा, पोरांनी पहिल्यांदा खरं लिहिलं, वीस. संगणकाने चूक दिलं. पुन्हा केलं, एकोणीस आलं, पुन्हा चूक. आता ती नळीत आम्ल घ्यायच्या आधीच वहीत तेरा लिहून ठेवतात. प्रात्यक्षिक काय असतं हे ज्या दिवशी शिकायचं, त्याच दिवशी खोटं लिहायला शिकली. आणि पुस्तकावर नाव आपलं आहे.’

मास्तरांनी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला. बायकोने काय झालं विचारलं, तर म्हणाले, लेकीला द्रावण करता येत नाही, लाडाचा परिणाम.

सोमवारी सकाळी पोरं यायच्या आत त्यांनी प्रात्यक्षिक केलं. तेरा. पुन्हा केलं. तेरा. जिवाला बरं वाटलं. आपलं माप खरं आहे. खोट तिकडे आहे. दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आले ते शीळ घालत. बायको रात्रपाळी उतरून उठली होती, ताट वाढताना तिने कालचा विषय काढला. मास्तरांनी मोठ्या अभिमानाने दोनदा तेरा आल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, ‘कशातून टाकलेत थेंब?’

‘कशातून म्हणजे? ड्रॉपरमधून.’

‘तुमच्या?’

‘मग काय शेजाऱ्याच्या?’

तिने पोळीचा घास तसाच हातात धरला. म्हणाली, आमच्या वॉर्डात सलाईनच्या नळ्या दोनतीन तऱ्हेच्या येतात. एकीचे पंधरा थेंब म्हणजे एक मिलिलिटर, दुसरीचे वीस, बाळांच्या नळीचे साठ. पाकिटावर लिहिलेलं असतं. ते न वाचता थेंब मोजणाऱ्या नर्सला आमची मेट्रन उभी जाळायची. थेंब म्हणजे काय माप आहे होय? थेंब ज्याच्या त्याच्या नळीचा.

मास्तर ताटावरून उठले. अर्धं जेवण टाकून उठण्याची त्यांच्या संसारातली ती बहुधा दुसरी वेळ. बायकोने अडवलं नाही, फक्त ताटावर झाकण घातलं.

खोलीत येऊन त्यांनी कपाटावरचा खोका काढला. आत प्लॅस्टिकचे ड्रॉपर होते, बारीक टोकाचे, मऊ. एकाने त्यांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. तेरा झाले, नळी पाण्यासारखी स्वच्छ. सोळा, अठरा. विसाव्याला गुलाबी झाली, अगदी सुरेख, कोवळी गुलाबी.

ते स्टुलावर बसले. त्यांच्या कागदावर ‘तेरा थेंब’ एवढंच लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ, ‘रंग न आल्यास पुन्हा करावे.’ कोणत्या ड्रॉपरचे तेरा, ते कधी लिहिलंच नव्हतं. या खोलीत दुसरा ड्रॉपर नव्हताच, लिहायचं कशाला? बाहेरून कागद न्यायला येणाऱ्याच्या पिशवीत ड्रॉपर जात होते, म्हणून तिथेही कधी चुकलं नाही. कागद चौतीस वर्षं ड्रॉपरच्या खांद्यावर हात ठेवून चालत आला होता. पुस्तकाने कागद तेवढा उचलला. कोणी पेन्सिल घेऊन समासात ‘कोणता ड्रॉपर?’ असं विचारलं असतं तर एका दुपारीत निस्तरलं असतं. पण पुस्तकाच्या समासात लिहिलेलं त्या पुस्तकाच्या मालकाशिवाय कोण वाचतो?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकवाल्याला फोन लावला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, पुढच्या आवृत्तीत नक्की बघू, दोन वर्षांनी. चाचणीची उत्तरं दुसऱ्याच शहरातल्या कचेरीत बसवतात, तिथे आपला हात पोचत नाही. मास्तर म्हणाले, मग मी एक दुरुस्तीचा कागद काढतो आणि सगळ्या कॉलेजांना पाठवतो. त्यावर तो मऊपणाने म्हणाला, करारात तसं चालत नाही, या प्रात्यक्षिकांचा दुसरा कोणताही कागद तुम्हाला काढता येणार नाही. आणि करार राहू द्या, आपलं म्हणून सांगतो, चूक म्हणून बोभाटा केलात तर लोक कंपनीला नाही, तुम्हाला हसतील. नाव तुमचं आहे.

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

तीन दिवस असेच गेले. निवृत्तीला पाच महिने उरले होते. गप्प बसलं तर पाच महिने निघून जातील, पुस्तक दूरदर्शनशेजारी उभं राहील, आणि नाव नावाच्या जागी. पण रोज सकाळी पोरं ओळीने नळ्या धरून उभी राहिली, की त्यांना दुसरीकडची एक्केचाळीस दालनं दिसायची, आणि तिथली पोरं, नळी न उचलता वहीत तेरा लिहिणारी. स्वतः त्यांनी या खोलीत आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी पोरांना रागे भरलं होतं. प्रात्यक्षिक चुकलं तर ते कधी ओरडले नाहीत. शेजाऱ्याच्या वहीतून आकडा उचललेला दिसला की मात्र वही बंद करून हातात देत आणि दार दाखवत.

चौथ्या दिवशी ते जिना चढून विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी कागदपत्रांतून करार काढला आणि पाचही पानं वाचली. वाचायला अर्धा तास लागला, तोवर मास्तर उभेच होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाई म्हणाल्या, शब्द तुम्ही दिलेत, मास्तर. ते परत मिळायचे नाहीत. पण प्रात्यक्षिक करणं कुणाला देता येत नाही. नव्याने, नव्या शब्दांत लिहिलंत तर माझ्या समजुतीप्रमाणे तो वेगळा कागद. नोटीस आली तर मात्र येईल, आणि विभाग तीन वर्षांसाठी बांधलेला आहे, तेव्हा मलाही वरून बोलणी बसतील. ती मी खाईन.

मग त्यांनी तोडगा सुचवला. पत्र विभागातर्फे जाऊ दे. त्यात छपाईची चूक झाली असं लिहू. तुमच्या नावाला धक्का नको.

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. बाईंच्या मनात फक्त माया होती हे त्यांना कळत होतं.

‘बाई, छपाईने बरोबर छापलं. जे मी लिहिलं तेच छापलं. चूक माझी आहे, ती दुसऱ्याच्या अंगावर कशी टाकू? मग माझ्यात आणि तेरा लिहिणाऱ्या पोरांत फरक काय राहिला?’

कागद त्यांनी घरी लिहिला, जेवणाच्या टेबलावर. बायको समोर भाजी निवडत होती. त्यांनी सहा वेळा लिहिला आणि फाडला. सातव्या वेळी जे राहिलं ते असं होतं.

‘पहिल्या प्रात्यक्षिकात तेरा थेंब लिहिले आहेत. ती चूक माझी. माझ्या ड्रॉपरचे तेरा थेंब म्हणजे एक मिलिलिटर होतो. तुमच्या ड्रॉपरचे किती, ते मला माहीत नाही. तेव्हा आधी आपल्या ड्रॉपरने मोजनळीत थेंब टाकावेत आणि एक मिलिलिटर व्हायला किती लागले ते वहीत लिहावे. तोच तुमचा आकडा. शेजाऱ्याचा वेगळा आला तर दोघेही बरोबर असू शकता. हा कागद कुणीही उतरवावा, वाटावा, बदलावा. बदलल्यास काय बदलले आणि का, हे खाली लिहावे.’ खाली त्यांनी सही केली आणि सहीखाली हुद्दा, प्रयोगशाळा सहायक.

बायकोने वाचला. ‘शेवटी हुद्दा कशाला?’ म्हणाली. ‘मास्तर लिहा की, सगळे तेच म्हणतात.’ ते म्हणाले, आज नको.

बाईंनी तो विभागाच्या संकेतस्थळावर टाकला आणि एक्केचाळीस कॉलेजांना पाठवला. आपल्या विद्यापीठापुरतं तरी पहिल्या प्रात्यक्षिकाचे गुण वही पाहून द्यायचे, हे त्यांनी भांडून समितीकडून मान्य करून घेतलं. बाकी ठिकाणी काय झालं ते ज्याच्या त्याच्या हाती. काही कॉलेजांनी कागद लावला, काहींनी उघडलाही नसेल. लेकीच्या वर्गात पोरांनी मिळतील ते ड्रॉपर घेतले, तेव्हा एका बाकावर सतरा आले, दुसऱ्यावर बावीस, आणि ती म्हणाली की इतकं भांडण त्या दालनात कधी झालं नव्हतं. सगळी पोरं आपापला आकडा छातीशी धरून भांडत होती.

कंपनीची नोटीस नाही आली, पत्र आलं. भाषा गोड होती. मास्तरांच्या इच्छेचा मान राखून पुढील छपाईपासून त्यांचं नाव काढण्यात येत आहे. अशी काही इच्छा त्यांनी कधी कळवली नव्हती. दोन वर्षं लागणारी आवृत्ती चार महिन्यांत निघाली. विभागात एक प्रत आली ती मास्तरांनी उभ्याउभ्या चाळली. मुखपृष्ठाच्या तळाशी आता फुलपाखरासारखं कंपनीचं चिन्ह होतं. आणि पहिल्या प्रात्यक्षिकात तेराच्या जागी छापलं होतं, वीस. का वीस, ते नव्हतं लिहिलं. मास्तर एकटेच हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं की पाणी आल्यामुळे हसले, हे त्या रिकाम्या खोलीला ठाऊक. घरी बायकोने जुनी प्रत दूरदर्शनशेजारून हलवली नाही. म्हणाली, असू दे. घरातल्या माणसाला घरात कुठे काढून टाकतात का?

पहिला कागद पाठवला त्याच आठवड्यात मास्तरांनी बाईंच्या खोलीतलं खोकं खाली आणलं होतं आणि उरलेले एकतीस कागद एकेक करून पुन्हा तपासायला घेतले, परक्याच्या नजरेने. तेव्हा त्यांना दिसलं की दर कागदात ही खोली लपून बसली आहे. एकात होतं, ‘खिडकीकडच्या तराजूवर करू नये.’ कोणत्या खिडकीकडच्या? एकात होतं, ‘मंद आचेवर, बर्नर अर्धा.’ यांचा अर्धा म्हणजे दुसऱ्याचा पाव. काही ठिकाणचं ‘का’ त्यांनाच माहीत नव्हतं. आपण कधी विचारलं नाही, नुसतं करत आलो. ते वही घेऊन वर जाऊ लागले, तरण्या प्राध्यापकांना विचारू लागले. एकदोघांनी ‘असंच असतं’ म्हणून हात झटकले. एकीने मात्र तास बुडवून समजावलं. निवृत्तीच्या दिवशी पहिला धरून पंधरा कागद नव्या शब्दांत झाले होते. निरोपाचं भाषण करायला ते उभे राहिले आणि म्हणाले, अजून सतरा राहिलेत, आणि खाली बसले.

ते सतरा घरी झाले, सव्वा वर्षात. एकेक तयार झाला की बाई संकेतस्थळावर टाकायच्या. लोक उतरवून घेत. कोण, कुठले, काही कळत नसे. अधूनमधून एखाद्या कागदाखाली कुणी दोन ओळी जोडे, ‘आमच्याकडे पाणी क्षारयुक्त, म्हणून उकळून घेतलं,’ असं काहीतरी, आणि लेक ते मास्तरांना फोनवर वाचून दाखवी.

एके दिवशी तिने एक पत्र वाचलं. कुठल्यातरी डोंगराकडच्या कॉलेजातल्या शिक्षिकेचं होतं. नवव्या कागदावर स्फटिक करताना द्रावण बर्फात ठेवायला सांगितलं आहे, ते चूक आहे, असं तिने सरळ लिहिलं होतं. बर्फात घाईने गार केलं की स्फटिक पिठासारखे होतात. नुसतं झाकून टेबलावर सोडलं तर मोठे येतात. आणि हो, गाळणकागद दुहेरी घ्यायची काही गरज नाही.

मास्तरांच्या कपाळावर आठी आली. काल आलेली पोर, म्हणाले. बर्फ ठेवतो तो हौसेने ठेवतो का? बायको म्हणाली, मग कळवा तसं. ते म्हणाले, कळवतो ना, सोडतो की काय.

पण कळवायच्या आधी करून बघणं आलं. सकाळीच ते विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी आलेली तरुण सहायक मुलगी त्यांना ओळखत नव्हती. पाहुण्यांच्या नोंदवहीत नाव, वेळ आणि काम लिहा म्हणाली. मास्तरांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली, कामाच्या रकान्यापाशी जरा थांबले आणि लिहिलं, ‘शंका.’ तिने कोपऱ्यातलं टेबल दिलं. त्यांनी दोन काचपात्रांत सारखंच द्रावण केलं, एक बर्फात ठेवलं, एक झाकून बाजूला. मग हात मागे बांधून बसून राहिले. मुलगी मधूनमधून येऊन डोकावून जाई. काय बघताय विचारलं तर म्हणाले, कोण हरतं ते.

दुपार कलली तेव्हा बर्फातल्या पात्रात तळाशी पीठ होतं, आणि दुसऱ्यात बोटाच्या पेराएवढे निळे स्फटिक, कडा अशा की हात लावायची भीती वाटावी. मुलगी म्हणाली, बाई ग. मास्तरांनी पात्र उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. त्यांनी इतकी वर्षं पोरांना पीठ दाखवलं होतं. मग त्यांनी द्रावण एकेरी कागदातून गाळून बघितलं. कागद मधोमध फाटला आणि गाळ खाली गेला.

त्यांनी तिथेच, त्या मुलीच्या टेबलावर बसून शिक्षिकेला पत्र लिहिलं. बर्फाचं तुमचं बरोबर, नववा कागद आजच बदलतो आहे. गाळणकागद मात्र दुहेरीच घ्यावा, आमच्याकडे एकेरी फाटला. तुमचा फाटत नसेल तर तो कोणता आणि कुठे मिळतो, ते कृपया सविस्तर कळवावे.